किट की तयार: एका सायकलच्या नोंदी

४ जानेवारी

जिन्याखाली चौदा वर्षांची सायकल उभी आहे. स्टीलची चौकट, २६ इंची चाकं, मागे सात गिअर, पुढे शॉकअपवाला चिमटा. वजन काट्यावर १५ किलो. रोज ११ किमी जायचं आणि तेवढंच यायचं, मध्ये पाऊण किलोमीटरचा चढ. सपाटीवर तक्रार नाही. तो चढ मात्र सकाळी सकाळी शर्ट भिजवतो आणि मग दिवसभर माणूस आंबल्यासारखा बसतो.

दोन वाटा आहेत. स्वस्तातली तयार विजेची सायकल घ्यायची, किंवा याच सायकलला मोटर-किट बसवायचं. ताईलाही हवी आहे, तिचं कामाचं ठिकाण माझ्याच रस्त्यावर दोन किमी अलीकडे. तिचा कल सरळ तयार घेण्याकडे. मी किटबद्दल बोलायला लागलो तर म्हणाली, "अरे, तुला सायकल नकोय. तुला खेळणं हवंय."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून वही काढली.

७ जानेवारी

आधी हिशेब: नक्की किती ताकद लागते? मी, सायकल, मोटर, बॅटरी आणि दप्तर मिळून १०० किलो धरले. सपाट रस्त्यावर ताशी २५ किमी वेगाला हवा कापायला साधारण १२० वॅट आणि टायरच्या घर्षणाला ५५. म्हणजे १७५. चढ सरासरी ५ टक्के आहे. तो ताशी १५ किमीने चढायचा तर वजन वर उचलायलाच २०० वॅट, वर हवा आणि टायरचे साठेक. एकूण २६० च्या आसपास. त्यातले १०० माझे पाय देतील. उरलेले १६० मोटरने द्यायचे.

थोडक्यात, २५० वॅटची मोटर पुरते. जाहिरातींत ७५०, १००० असे आकडे बघून हात शिवशिवतात, पण युरोपात सलग २५० वॅट आणि ताशी २५ किमीला मदत बंद असाच नियम आहे, आणि तो आकडा हवेतून आलेला नाही हे वहीतच दिसतंय. शिवाय मोटरवरचा आकडा आणि प्रत्यक्ष खेच यांत फरक असतो. ३६ व्होल्टला कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारी डबी) १५ अँपिअर सोडत असेल, तर चढावर बॅटरीतून ५४० वॅट निघतात, मोटरवर काहीही छापलेलं असो. चढाला जोर देणारी खरी तोटी कंट्रोलर.

बॅटरीचं गणित वॅट-तासांत करायचं, अँपिअर-तासांत नाही. ३६ व्होल्ट गुणिले १० अँपिअर-तास म्हणजे ३६० वॅट-तास. पाय मारत चाललं तर सपाटीवर किलोमीटरला ५-६ वॅट-तास पुरतील असं कागद म्हणतो. थांबा-निघा, समोरचा वारा आणि आळशी पाय धरून मी १० घेतले. येऊन-जाऊन २२० वॅट-तास. ३६० ची बॅटरी भागते आणि तळाला थोडी शिल्लकही राहते, जी ठेवलेलीच बरी.

१२ जानेवारी

ताईबरोबर तयार सायकल बघायला गेलो. मनात आकस धरून गेलो होतो, त्यामुळे जे चांगलं दिसलं ते आधी लिहितो. चौकट मोटर-बॅटरी धरूनच घडवलेली. बॅटरी खालच्या नळीच्या पोटात, वजन खाली आणि मधोमध. वायर नळीतून गेलेल्या. पुढचा-मागचा दिवा त्याच बॅटरीवर. मागच्या ॲक्सलला जाड पत्र्याची आधारपट्टी कारखान्यातूनच बसवलेली. हे सगळं मला हाताने करायला कितीतरी रविवार लागतील.

आता बाकीचं. वजन २४ किलो. बॅटरीवर ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-तास असं छापलेलं आणि शेजारी मोठ्या अक्षरांत "६० किमी". गुणाकार केला: २८१ वॅट-तास. त्यात ६० किमी म्हणजे किलोमीटरला ४.७. सर्वांत हलकी मदत, सपाट रस्ता, वारा पाठीवर आणि हलका स्वार असेल तर होईलही. आमच्या चढावर ३० ला पोचली तरी पाठ थोपटेन. आतल्या सेल कोणत्या बनावटीच्या, हे लेबलवर नाही आणि विकणाऱ्यालाही ठाऊक नाही. कंट्रोलर गेला तर सुटा मिळतो का, यावर तो म्हणाला, "तो जात नाही."

चालवून पाहिली. पॅडल अर्धा फेरा फिरेपर्यंत काही नाही, मग मागून कोणीतरी ढकलल्यासारखा धक्का. पॅडल फिरतंय की नाही एवढंच कळणारा सेन्सर असला की असंच होतं. पाय किती जोर लावतोय ते त्याला कळत नाही. जोर मोजणारा टॉर्क सेन्सर जास्त करून महागड्या सायकलींत असतो. स्वस्त तयार सायकल असो की स्वस्त किट, दोघांतही बहुतेक वेळा हा पहिलाच प्रकार. म्हणजे या मुद्द्यावर मलाही नाक वर करता येणार नाही.

ताईने घेतली. "तू दोन महिने जिन्याखाली बसशील. मी उद्यापासून चालवणार."

१९ जानेवारी

किट कुठलं? तीन जागा असतात: पुढचं चाक, मागचं चाक, किंवा पॅडलच्या मधल्या धुरीवर.

पुढच्या चाकातलं किट सगळ्यांत सोपं. चाक काढा, मोटरवालं चाक घाला. मागचे गिअर, चेन यांना हातही लावायला नको. पण माझ्या चिमट्याचे खालचे पाय ओतीव मिश्रधातूचे आहेत. अशा चिमट्याची, ॲक्सल बसतो ती खाच मोटरच्या पिळाला टिकत नाही. स्टीलसारखी वाकून इशारा देत नाही, थेट तुकडा निघतो. पुढचं चाक चालत्या सायकलवरून सुटलं तर दात शोधत बसावं लागेल. साधा स्टीलचा चिमटा असता तर कदाचित हेच घेतलं असतं.

मधली मोटर मोहात पाडते. ती चेनवरून गिअर वापरते, त्यामुळे चढाला हीच राजा. धुरीचं घर मोजलं, ६८ मिमी. बाजारातल्या बहुतेक मधल्या मोटरी ६८ ते ७३ ला बसतात. पण मोटरचा सगळा जोर चेन आणि मागच्या चकत्यांवर येतो, त्या लवकर झिजतात. शिवाय किंमत मागच्या चाकाच्या किटच्या जवळपास दुप्पट. पाऊण किलोमीटरच्या चढासाठी एवढं नको.

राहिलं मागचं चाक. खाचांमधलं अंतर १३५ मिमी, म्हणजे नेहमीचं माप. आता आत गिअर असलेली मोटर की बिनगिअरची? बिनगिअरची जड, ५ किलोच्या पुढे, आवाज नाही, ब्रेक मारताना थोडी वीज परत देऊ शकते. पण बंद असताना चुंबकामुळे चाक ओढत राहते. गिअरवाली लहान आणि हलकी, आत ग्रहमालेसारखी दातेरी चाकं आणि एक क्लच. बंद केली की चाक मोकळं फिरतं, वीज मात्र परत देत नाही. परत मिळणारी वीज सायकलवर तशीही किरकोळच. गिअरवाली ठरवली.

एक गंमत. मोटर चाकाच्या तुंब्यात बसवायची कल्पना आपण नवी समजतो, पण ऑग्डेन बोल्टन नावाच्या अमेरिकन माणसाने १८९५ साली नेमकी हीच, मागच्या चाकात मोटर आणि चौकटीच्या मध्यात बॅटरी, अशी सायकल पेटंट करून ठेवली होती. बिनगिअरची. अडलं ते बॅटरीपाशी. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ ला.

मोटर किती फेऱ्यांची घ्यायची, तेही मोजलं. माझ्या टायरचा घेर २.०७ मीटर. ताशी २५ किमी म्हणजे सेकंदाला ६.९४ मीटर, म्हणजे मिनिटाला २०१ फेरे. २६ इंची चाकासाठी म्हणून २०१ चीच मोटर मागवली. २६० वाली घेतली असती तर सपाटीवर पळाली असती आणि चढावर हळू फिरत नुसती तापली असती.

२ फेब्रुवारी

खोकं आलं. रिममध्ये विणलेली मोटर, कंट्रोलर, हँडलवरचा छोटा पडदा, पॅडल सेन्सर, ब्रेक दाबताच मोटरची वीज तोडणारे दोन लिव्हर, अंगठ्याचा थ्रॉटल (तो दाबला की पाय न मारताही मोटर चालते). बॅटरी वेगळी. माहितीपत्रक एक पान, त्यातलं अर्धं पुसट.

पहिलं काम आउट काढायचं, म्हणजे फिरताना डगमगणारं चाक सरळ करायचं. चाक विणून आलंय म्हणजे तयार आलंय, असं समजलो तर फसलो असतो. आरे बोटाने वाजवले तर एक टणक, शेजारचा ढुप्प. दोन तास निपल (आऱ्याच्या टोकाचे छोटे नट) फिरवत बसलो. मोटरच्या चाकात आरे आखूड आणि जाड असतात, आणि सैल आरा इथे साध्या चाकापेक्षा लवकर तुटतो, कारण प्रत्येक वेळी मोटर त्याला ओढते.

आणि आता ज्याच्यासाठी ही वही लिहितोय ते काम: ॲक्सल. साध्या सायकलचा ॲक्सल नुसता चाक धरून ठेवतो. मोटरचा ॲक्सल फिरू पाहतो. चाक पुढे जायचं तर मोटरला कशाला तरी उलटा रेटा द्यावा लागतो, आणि ते कशाला तरी म्हणजे चौकटीची खाच. ॲक्सल १२ मिमी जाड, दोन बाजूंनी तासून १० मिमी केलेला, म्हणजे खाचेत बसेल आणि फिरणार नाही. ती चपटी बाजू जेमतेम साडेसहा मिमी रुंद. मोटरचा पिळ ४० न्यूटन-मीटर धरला आणि दोन्ही टोकांना सारखा वाटला, तरी त्या साडेसहा मिमीच्या दोन कोपऱ्यांवर प्रत्येक बाजूला ३०० किलोचा जोर येतो. मी तीनदा तपासलं. ३०० च येतात.

म्हणून टॉर्क आर्म. जाड स्टीलची पट्टी, एका टोकाला ॲक्सलच्या आकाराचं भोक, दुसरं टोक चौकटीच्या नळीला क्लॅम्पने आवळायचं. किटमध्ये आली ती पट्टी पत्र्याची होती, हाताने वाकली. ती खोक्यातच ठेवली आणि ५ मिमी जाडीची वेगळी मागवली.

८ फेब्रुवारी

ती आली, बसवली. चाक खाचेत सरळ गेलं, कानस लावावी लागली नाही. पण माझ्या जुन्या चाकावर कॅसेट होती (खोबणीत सरकवून बसवायचा चकत्यांचा गठ्ठा) आणि या मोटरवर आट्यांवर फिरवून बसवायचं फ्रीव्हील चढतं, म्हणजे सात चकत्यांचं नवं फ्रीव्हील आलं. ते चढवल्यावर सर्वांत लहान चकती चौकटीला घासायला लागली. आतून एक वायसर. मग १३५ चे १३७ झाले. स्टील आहे, ओढून बसवलं. ॲल्युमिनियमची चौकट असती तर ओढली नसती.

९ फेब्रुवारी

आजचा दिवस पॅडल सेन्सरने खाल्ला. क्रँक ओढायचं हत्यार नव्हतं, ते आणलं. चौदा वर्षांत क्रँक धुरीवर असा बसला होता की पान्यावर उभं राहावं लागलं. सेन्सर म्हणजे चुंबकांची एक चकती धुरीवर फिरते आणि दोन-तीन मिमीवर एक डोळा ती चुंबकं मोजतो. बसवलं, चाक उचलून पॅडल मारलं. काही नाही. वायर तपासल्या, कनेक्टर दोनदा काढून घातले, कंट्रोलरवर संशय घेतला. कंटाळून पॅडल उलटं फिरवलं तर मोटर सुसाट सुटली.

चकती उलटी बसली होती. ताईला सांगितलं नाही.

१५ फेब्रुवारी

बॅटरी. पाण्याची बाटली लावायची जी दोन भोकं असतात, त्यांवरच पाळणा बसतो. पण ती भोकं अर्ध्या किलोच्या बाटलीसाठी आहेत आणि ही बॅटरी २.६ किलोची. खड्ड्यात दोन बारीक बोल्टांवर तिचे केवढे हिसके बसतील? म्हणून पाळण्याखालून नळीला वेढा घालणारे स्टीलचे दोन पट्टे आवळले, मध्ये रबर.

जोडताना पहिल्यांदा चटकन ठिणगी उडाली आणि मी मागे सरकलो. काही बिघडलं नव्हतं. कंट्रोलरमधले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) रिकामे असतात आणि जोडताक्षणी ते बॅटरीतून एकदम भरून घेतात. पण दर वेळी अशी ठिणगी उडाली की पिनेवर काळा डाग पडतो आणि हळूहळू संपर्क बिघडतो. ठिणगी रोखणारा, आत रोधक असलेला कनेक्टर लावून टाकला. मल्टिमीटरवर भरलेल्या बॅटरीचे ४१.८ व्होल्ट. दहा सेल-गट एकापुढे एक, प्रत्येकी ४.२, म्हणजे पूर्ण ४२. ठीक आहे.

मोटरची केबल ॲक्सलमधून बाहेर येते तिथे तिला खाली झोल दिला, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून ओघळत ॲक्सलच्या भोकात न शिरता झोलाच्या तळातून टपकेल.

१६ फेब्रुवारी

पहिली फेरी. चढ ताशी १७ ने चढलो, तोंड मिटून. मोटरची बारीक घरघर, शिवणयंत्रासारखी. चढावर व्होल्ट ४०.९ वरून ३८.७ ला आले आणि वर पोचल्यावर परत ४०.५, ताण आला की बॅटरी वाकते आणि सुटला की सरळ होते, म्हणून चढावरचा बॅटरीचा काटा बघून घाबरायचं नसतं. २२ किमीत १८७ वॅट-तास गेले, किलोमीटरला साडेआठ. सायकलचं वजन आता २२.५. म्हणजे ताईच्या २४ ला मी हसत होतो ते दीड किलोवर.

एक गोष्ट कागदावर सुचली नव्हती. सायकल आता रोज २५ ने धावते, आणि ब्रेक चौदा वर्षांपूर्वीच्या १५ च्या वेगाचे आहेत. उतारावर लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबला. घरी आल्याबरोबर ब्रेकचे रबर, केबल आणि पुढचा टायर बदलायची यादी केली. किटच्या खोक्यावर हे कोणी छापत नाही.

३ मार्च

ताईची ३८० किमी झाली. तिच्या सायकलपायी मला त्रास झाला तो एकदाच, मागचं पंक्चर. तिने फोन केला, "ये ना जरा, हे चाक निघतच नाही." मोटरवालं मागचं चाक काढणं म्हणजे आधी झिप टाय कापा, केबलचा कनेक्टर सोडवा, १८ चा पाना लावा, आधारपट्टी सोडा, मग चाक. तिच्या सायकलचा कनेक्टर नळीच्या आत दडवलेला, दिसायला सुरेख, ओढायला बोट जात नाही. पावणेदोन तास गेले. माझं पंक्चर गेल्या आठवड्यात झालं होतं, त्याला तासभर लागला होता, म्हणजे मीही काही फार पुढे नाही. दोघांनीही आता ट्यूब बदलायच्या भानगडीत न पडता, चाक जागेवर ठेवून टायरची एक बाजू उचलून ट्यूब बाहेर ओढायची आणि ठिगळ लावायचं, असं ठरवलंय. सोबत १८ चा पाना दोघांच्याही दप्तरात.

२३ मार्च

आज सायकल रस्त्यात थुईथुई नाचायला लागली. थ्रॉटल दिला की मोटर आचके देते, गचके खाते, पुढे जात नाही. हाताने ढकलून वेग दिला तर कशीबशी धरते. चालत आलो, साडेचार किमी.

मोटरला तीन जाड तारा असतात आणि पाच बारीक. जाड तिन्हींतून जोर जातो. बारीक पाचांपैकी दोन म्हणजे ५ व्होल्ट आणि ग्राउंड (शून्य व्होल्ट), उरलेल्या तीन हॉल सेन्सरच्या. चुंबक आत्ता कुठे आहे हे त्या कंट्रोलरला सांगतात. त्यांतली एक मुकी झाली की कंट्रोलर अंदाजाने ढकलतो, अर्ध्या वेळा चुकीच्या बाजूला. मल्टिमीटर कनेक्टरच्या मागून घुसवला, चाक अगदी हळू मागे फिरवलं. हिरवी: ०, ५, ०, ५. निळी: ०, ५, ०, ५. पिवळी: ५. परत फिरवलं. ५. हललीच नाही. म्हणजे एकतर सेन्सर मेला किंवा तार तुटली.

केबल ॲक्सलपाशी उकलली आणि पोटात गोळा आला. ॲक्सल खाचेत थोडासा फिरला होता. डाव्या बाजूच्या खाचेत चमकता, ताजा ओरखडा. फिरताना ॲक्सलच्या धारेने केबल दाबली आणि पिवळी तार तिथेच कापली गेली. जाड तारा वाचल्या हे नशीब. त्या एकमेकींना चिकटल्या असत्या तर कंट्रोलरही गेला असता.

पण नट तर मी अंगाचा जोर लावून आवळला होता. मग सैल कसा? वायसर काढला तेव्हा कळलं. वायसरखाली चौकटीचा जुना जाड रंग होता. आवळलं तेव्हा नट रंगावर बसला, लोखंडावर नाही. महिनाभराच्या थरथरीत रंग चेपून पातळ झाला आणि नटाचा ताण उतरला. उजव्या बाजूचा टॉर्क आर्म होता म्हणून अख्खा ॲक्सल फिरून बाहेर आला नाही. डाव्या बाजूला मी आर्म लावलाच नव्हता, एक पुरे म्हणून.

तार डाखली, वर आकसणारी नळी. दोन्ही खाचांचा रंग कानसने लोखंडापर्यंत घासला. डावीकडेही आर्म. नटावर रंगाच्या पेनाने एक रेघ, नटावरून ॲक्सलपर्यंत ओढलेली. रेघ तुटलेली दिसली की नट हलला. रोज सकाळी नजर टाकायला एक सेकंद लागतो.

तयार सायकलीत हे झालं नसतं. तिथे ती पट्टी कोणीतरी आधीच विचार करून बसवली आहे.

१ एप्रिल

खर्च मांडला. ताईच्या सायकलची किंमत १०० धरली तर माझं मोटर-किट ३८, बॅटरी ४४. म्हणजे ८२, आणि मी इथेच थांबून महिनाभर फुशारकी मारत होतो. पुढे फ्रीव्हील, दोन टॉर्क आर्म, ब्रेक, टायर, चेन, क्रँकचं हत्यार, कनेक्टर, दिवे धरले की ९७. सायकल आधीची होती म्हणून. ती विकत घ्यावी लागली असती तर तयार घेण्यातच शहाणपण होतं. तास मोजले नाहीत, मुद्दामच.

१८ मे

ताईची सायकल चढावर मध्येच बंद पडते. पडदा काळा. दोन मिनिटांनी चालू केली की परत चालते, पुढच्या चढावर पुन्हा बंद. ती म्हणाली, "काल पूर्ण चार्ज केली होती रे, हिरवा दिवा लागला होता."

हिरव्या दिव्यानंतर मल्टिमीटर लावला. ४०.६. असायला हवे ४२ च्या आसपास. मग अंदाज आला. दहा सेल-गटांपैकी एखादा बाकीच्यांहून वर गेला असणार. त्याचं पोट आधी भरलं की बॅटरीतला संरक्षक सर्किट बोर्ड सगळ्यांचंच चार्जिंग तोडतो, आणि उरलेले गट अर्धपोटी. किंवा एखादा गट कमजोर आहे. चढावर ताण आला की तो एकटा खाली कोसळतो आणि बोर्ड अख्खी बॅटरी बंद करतो. तिच्यात बहुधा दोन्ही. हे बोर्ड सेल समतोल करतात, पण अगदी बारीक, मिलिअँपिअरांत मोजावी अशा धारेने. म्हणून दोन दिवस, घरात कोणीतरी जागं असतानाच, चार्जर लावून ठेवला. ४१.१ झाले. चढावर पुन्हा बंद.

पेटी उघडायची नाही, यावर आम्ही दोघं एका मताचे होतो. सेलच्या पट्ट्या स्पॉट-वेल्ड केलेल्या असतात, चुकीच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर टेकला तर तो तिथेच चिकटतो आणि मग जे होतं ते सहजासहजी विझवता येत नाही. मीटर लावून एकदा पूर्ण रिकामी केली तेवढी: २८१ पैकी १९६ वॅट-तास निघाले. माझी त्याच दिवशी ३६० पैकी ३४१.

हमी आहे. पण पेटीचा आकार त्या चौकटीपुरताच, खालची पिन त्यांचीच, दुसऱ्या कुठल्याही बनावटीची आत जात नाही. विकणाऱ्याने सांगितलं, मागवावी लागेल. माझी बॅटरी गेली तर ३६ व्होल्टची कोणतीही चांगली आणून पट्ट्यांनी नळीला बांधेन, दिसायला भले उंटावरच्या गाठोड्यासारखी दिसो.

२७ जून

पाच आठवड्यांनी ताईची बॅटरी आली. मधल्या काळात ती २४ किलोची सायकल नुसत्या पायांनी हाकत होती. एकदा चढाखाली भेटली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "बोलू नकोस."

नवी बॅटरी: ४१.९. मी मीटर काढायच्या आधी तिने स्वतःचा काढला होता. वहीही घातली आहे, दर पंधरा दिवसांनी भरल्यानंतरचे व्होल्ट लिहिते. चौकशी करताना तिला कळलं की तिच्या सायकलचा कंट्रोलर साधाच, नेहमीच्या कनेक्टरचा आहे. गेला तर माझ्या किटमधला चालेल. "मग मला एक जादाचा घेऊन ठेव," म्हणाली. "आणि त्या रंगाच्या पेनाची रेघ माझ्या नटावर पण मार."

मारली. उजवीकडचा नट पाव फेरा सैल निघाला.

माझे १,९०० किमी झाले. चेन लांबली आहे, मागच्या चाकात पुन्हा आउट आलाय, डावीकडचे दोन आरे ढुप्प वाजतात. रविवारी बघतो.